घर टेक्सासला, मी पार्ल्यात

रात्री साडेअकराला फोन वाजला तेव्हा आम्ही पार्ल्याच्या घरी गाद्या घालत होतो. टेक्सासमध्ये तेव्हा दुपारचे बारा. मी एरवी कॅलिफोर्नियात राहते; सॅन अँटोनियोतलं घर भाड्याने देते. त्याच्या समोर राहणारे गृहस्थ बोलत होते. "तुमच्या गॅरेजच्या दाराखालून पाणी वाहतंय. मी मीटरपाशी पाणी बंद केलंय, चालेल ना?" त्यांना मी एकदाच भेटले आहे, कुंपणाच्या दुरुस्तीच्या वेळी. सत्तरी उलटलेला माणूस शून्याखालच्या थंडीत पाना घेऊन माझ्यासाठी बाहेर पडला होता.

भाडेकरू डिसेंबरात गेले आणि नियमाप्रमाणे आपल्या नावावरची वीज बंद करून गेले. ती माझ्या नावावर घेणं देखभाल कंपनीचं काम. भाड्याचे ८ टक्के आणि दर नव्या भाडेकरूमागे एक महिन्याचं भाडं मी त्यांना याचसाठी देते. त्यांनी ती घेतली नाही. वीज नाही, म्हणून हीटर नाही. तिकडे कितीतरी घरांत पाण्याचे पाइप माळ्यावरून जातात. थंडीची लाट आली, पाइप गोठून फुटला, दोन खोल्यांचं छत खाली आलं.

मग विमा. घर सलग ३० दिवसांहून जास्त रिकामं असेल तर अशा नुकसानीची भरपाई नाही, असं माझ्या पॉलिसीत लिहिलं आहे. माझं ४१ दिवस रिकामं होतं. घर घेताना मी व्याजदर तपासला, शाळा बघितल्या, आजूबाजूची भाडी काढली. हे कलम मात्र नजरेतून सुटलं. आपल्याकडे फ्लॅट वर्षानुवर्षं कुलूपबंद असतात. वरून गळती झाली तर सेक्रेटरी फोन करतो, शेजारच्या काकूंकडे चावी असते. रिकामं घर हीच जोखीम, हे मुंबईत वाढलेल्या माझ्या मनात आलंच नाही. बाबा आजही डोंबिवलीच्या आमच्या जागेत दोन महिन्यांतून एकदा स्वतः जाऊन नळ उघडून बघतात. मी त्यांना "कशाला दगदग करता" म्हणायचे. आता नाही म्हणणार.

बोरिवलीचा मावसभाऊ विचारत होता, वर्षाला अडीच लाख डॉलर बाहेर पाठवता येतात तर आपणही तिकडे एक घर घ्यावं का? टेक्सासमध्ये राज्याचा आयकर नाही, हे त्याने कुठेतरी ऐकलं होतं. खरं आहे, पण मी कॅलिफोर्नियाची रहिवासी, त्यामुळे तिथल्या भाड्यावरही कॅलिफोर्निया कर घेतेच. आणि टेक्सास आपली वसुली मालमत्ता करातून करतं. कॅलिफोर्नियात घराचं करपात्र मूल्य वर्षाला २ टक्क्यांहून जास्त वाढवता येत नाही, १९७८ पासून. टेक्सासमध्ये १० टक्क्यांची मर्यादा आहे, तीही राहत्या घराला. भाड्याने दिलेल्या घराला ती नाही. माझं पहिल्या वर्षीचं गणित दुसऱ्याच वर्षी कोलमडलं.

तरी मी चूक केली असं मला वाटत नाही. कॅलिफोर्नियात, सनीव्हेलमध्ये घर परवडत नव्हतं, पार्ल्यातही नाही. हे घर माझ्या एकटीच्या पगारातून घेतलंय, आणि एरवी भाड्यातून हप्ता सुटतो. विकणार नाही.

परतीचं तिकीट सॅन अँटोनियोमार्गे बदलून घेतलं. आईने समोरच्या गृहस्थांसाठी तिळाच्या वड्या बांधून दिल्या आहेत. देखभाल कंपनी बदलली. वीज कालपासून माझ्या नावावर आहे.