मियाटाचे नवे टायर आणि अलाइनमेंटच्या कागदावरचा हिरवा रंग

सरळ रस्त्यावर गाडीबद्दल काहीच तक्रार नव्हती. त्रास व्हायचा तो वळणात, आणि तोही वळण अर्धं झाल्यावर. कॅलिफोर्नियातल्या वुडसाइडहून हायवे ८४ने वर चढलं की स्कायलाइन बुलेव्हार्ड लागतो. तिथल्या लांब वळणांत रस्त्यात जरासा उंचवटा आला की गाडीची मागची बाजू किंचित सरकायची आणि स्टिअरिंग बारीकसं सावरावं लागायचं. घसरत नव्हती, पण भरवसा वाटत नव्हता.

गाडी म्हणजे २०१६ची माझदा एमएक्स-५ मियाटा, क्लब ट्रिम (म्हणजे त्या मॉडेलची एक आवृत्ती), सेकंडहँड घेतलेली. दोन सीट, मॅन्युअल गिअर, रिअर व्हील ड्राइव्ह, वजन जेमतेम १,०६० किलो. इतक्या हलक्या गाडीत टायरमधला फरक लगेच हाताला कळतो. ओळखीच्या बऱ्याच जणांनी शॉक अब्सॉर्बर बदलायला सांगितलं. क्लब ट्रिमला मुळातच बिल्स्टीनचे शॉक येतात आणि ते गळत नव्हते, म्हणून मी आधी टायरकडे वळलो.

टायरच्या बाजूवर डीओटी या अक्षरांनी सुरू होणारा कोड असतो. त्याचे शेवटचे चार आकडे म्हणजे टायर बनल्याचा आठवडा आणि वर्ष. माझ्या पुढच्या टायरवर ५०१५ होतं, म्हणजे २०१५चा पन्नासावा आठवडा. गाडीबरोबर आलेले मूळचे ब्रिजस्टोन पोटेन्झा एस००१, रबर पार कडक झालेलं. मागच्यांवर २२१९. ते वेगळ्याच कंपनीचे स्वस्त ऑल-सीझन होते. रिअर व्हील ड्राइव्हमध्ये मागचे टायर आधी झिजतात, म्हणून आधीच्या मालकाने तेवढेच बदलले असणार. पुढे एक जात, मागे दुसरी. अशा गाडीत पुढची आणि मागची पकड कधीच एकत्र सुटत नाही.

त्याहून महत्त्वाची गोष्ट हाताला लागली. मागच्या उजव्या टायरवर आडवा हात फिरवला तर एका दिशेने गुळगुळीत लागायचं आणि उलट फिरवला की करवतीसारखी धार. अशी झीज बहुतेक वेळा ‘टो’ बिघडल्याची खूण असते. वरून पाहिल्यावर चाक गाडीच्या मध्यरेषेला समांतर आहे, आत वळलेलं आहे की बाहेर, ते म्हणजे टो. मागचं चाक बाहेरच्या बाजूला तोंड करून असेल तर वळणात भार आल्यावर ते गाडीची शेपूट वळणाच्या बाहेर नेऊ पाहतं. माझी तक्रार नेमकी हीच होती. म्हणजे नुसते टायर बदलून भागणार नव्हतं.

टायर निवडताना साइझ मूळचाच ठेवला, २०५/४५ आर१७. रुंद टायर घालायचा मोह अनेकांना होतो, पण या गाडीला तो मानवत नाही असं माझं ठाम मत आहे. वजन वाढतं, स्टिअरिंग जड होतं आणि इतक्या हलक्या गाडीला एवढ्या रबराची गरजही नसते. प्रश्न कंपाउंडचा, म्हणजे रबराच्या मिश्रणाचा होता. ट्रेडवेअर (टायर किती टिकेल याचा आकडा, जितका कमी तितकी झीज लवकर) २००च्या गटातले टायर ट्रॅकवर उत्तम, पण ते लवकर झिजतात आणि आवाजही फार करतात. हा ट्रेडवेअरचा आकडा टेक्सासमधल्या ठरावीक मार्गावर ७,२०० मैल गाडी चालवून, झिजेची तुलना करून काढतात. मात्र तो जाहीर कंपन्या स्वतःच करतात, त्यामुळे दोन ब्रँडच्या आकड्यांची तुलना ढोबळच समजावी. मी काँटिनेंटल एक्स्ट्रीमकाँटॅक्ट स्पोर्ट घेतले, ट्रेडवेअर ३४०. चारही एकदम, एकाच जातीचे. समर टायर कडक थंडीत पकड सोडतात, पण बे एरियात रोजच्या वापराला ही अडचण नाही. ताहोच्या बर्फात ही गाडी मी नेतच नाही.

ज्या दुकानात टायर बसवले तिथेच अलाइनमेंटही, म्हणजे चाकांचे कोन जुळवण्याचं काम, करून घेतली. हातात कागद आला, सगळे रकाने हिरवे. गाडी मात्र सरळ चालताना स्टिअरिंग उजवीकडे थोडं झुकलेलं, आणि वळणातला तो सरकण्याचा प्रकार पकड वाढल्यामुळे कमी झाला तरी शिल्लक होताच. घरी येऊन हवा तपासली तर ३६ पीएसआय. दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरवर स्पष्ट २९ लिहिलंय. हवा २९वर आणल्यावरच निम्मा खडखडाट गेला.

मग तो कागद नीट वाचला. मागच्या डाव्या चाकाचा टो ०.१० अंश आत, उजव्याचा ०.०८ अंश बाहेर. ‘आधी’ आणि ‘नंतर’ या दोन्ही रकान्यांत हेच आकडे, म्हणजे मागच्या चाकांना कुणी हात लावलाच नव्हता. मागची दोन्ही चाकं मिळून गाडीला तिरकं ढकलत असतील तर सरळ जाण्यासाठी स्टिअरिंग वाकडं धरावंच लागतं. पुढचा कॅम्बर, म्हणजे चाकाचा उभा कल (चाकाची वरची बाजू आत झुकली की उणे), डावीकडे उणे ०.३ आणि उजवीकडे उणे ०.९. दोन्ही हिरवे! कंपनीची मर्यादा इतकी सैल असते की दोन बाजूंमध्ये अर्ध्या अंशाहून जास्त फरक असला तरी मशीन पास करतं. पण डावं आणि उजवं वळण गाडीला सारखं कसं जमणार?

दुसरीकडे जाताना मला काय हवंय ते लिहूनच नेलं. पुढे कॅम्बर उणे १.२, मागे उणे १.५, पुढचा टो शून्य, मागे दोन्ही चाकं ०.१० आत, कॅस्टर, म्हणजे बाजूने पाहिल्यावर स्टिअरिंगच्या अक्षाचा कल, दोन्ही बाजूंना सारखा. हे गॅरेज छोटं, स्वतंत्र, ट्रॅकवर गाड्या नेणाऱ्यांचं. मेकॅनिक वयस्क होते. कागद वाचून त्यांनी पहिला प्रश्न विचारला, “तुझं वजन किती?” मग तेवढ्या वजनाच्या वाळूच्या पिशव्या ड्रायव्हरच्या सीटवर ठेवल्या. एक टनाच्या गाडीत एकट्या ड्रायव्हरच्या वजनाने एक बाजू खाली बसते आणि कॅम्बर बदलतो, तेव्हा त्याचा हिशोब आधीच धरायला हवा.

सुरुवात त्यांनी मागून केली, कारण पुढची चाकं मागच्यांच्या दिशेला जुळवायची असतात. पुढच्या लोअर आर्मला, म्हणजे चाकाला धरणाऱ्या खालच्या दांड्याला, दोन विकेंद्री बोल्ट असतात. एक फिरवला की कॅम्बर आणि कॅस्टर दोन्ही हलतात, म्हणून दोन्ही बोल्ट आळीपाळीने फिरवत स्क्रीनवरच्या आकड्याचा पाठलाग करावा लागतो. नट आवळताना आकडा पुन्हा थोडा सरकतो, मग परत सैल, परत आवळ. शेवटचं आवळणं गाडी चाकांवर उभी असतानाच, नाहीतर आतले रबर बुश पिळलेल्या अवस्थेत अडकून बसतात. सर्वांत शेवटी स्टिअरिंग सरळ बांधून पुढचा टो. या सगळ्यात अर्धा दिवस गेला आणि पैसेही पहिल्या दुकानापेक्षा जास्त लागले. मला त्यातला प्रत्येक डॉलर योग्य वाटला.

आपल्याकडे पुण्या-मुंबईत टायरवाले ‘अलाइनमेंट-बॅलन्सिंग’ एका दमात करून देतात. ही दोन कामं वेगळी आहेत. बॅलन्सिंगने चाकाची थरथर जाते, गाडीच्या वळण्याशी त्याचा तसा संबंध नाही. आणि अनेक गाड्यांत मागच्या चाकांना ॲडजस्टमेंटच नसते, तेव्हा आधी ते विचारून घ्यावं.

परतताना मुद्दाम ८४नेच ला होंडाकडे उतरलो. त्याच उंचवट्यांवरून गाडी गेली आणि शेपूट जागच्या जागी राहिली. एकदा स्टिअरिंग वळवलं की वळण संपेपर्यंत हात हलवायची गरज नाही. वळणात शिरताना मात्र प्रतिसाद किंचित मऊ वाटला. ते साहजिक होतं, नव्या टायरच्या खोल ट्रेडचे (रस्त्याला टेकणाऱ्या नक्षीचे) ठोकळे भाराखाली थोडे वाकतात. शिवाय साच्यातून काढताना लावलेल्या द्रव्याचा थर जाईपर्यंत पहिले काही शे मैल जपूनच चालवावे लागतात. ट्रेड थोडा झिजल्यावर तो मऊपणा कमी होत गेला आणि आता स्टिअरिंग हवं तसं तल्लख आहे.

तेव्हापासून हवा गाडी थंड असतानाच बघतो आणि ट्रेडची खोली आत, मध्ये, बाहेर अशी तीन ठिकाणी मोजतो. मागे तिन्ही आकडे सारखे येतात. पुढे बाहेरची कड जराशी जास्त झिजते आहे. माझ्या वळणांच्या हौसेला उणे १.२ थोडं कमी पडतंय, तेव्हा पुढच्या खेपेला त्याच मेकॅनिककडे डाव्या-उजव्या दोन्ही बाजूंना सारखाच मिळेल तेवढा कॅम्बर मागणार आहे.