कुठला क्लास लावावा

आमच्या घरात क्लास हा शब्द जरा जपूनच उच्चारावा लागतो. परवा मित्राशी फोनवर बोलताना म्हटलं, "या वेळी कुठला क्लास घेऊ तेच कळत नाहीये रे", तर आतून आईचा आवाज आला, "आता या वयात कसला क्लास? आणि फी किती?" फी आहे, महिन्याच्या महिन्याला आहे, पण ती कशाची हे सांगायची हिंमत नाही माझ्यात.

तर हा क्लास म्हणजे वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट या ऑनलाइन गेममधला, आपलं पात्र योद्धा की जादूगार की शिकारी, ते ठरवणारा. गेम 2004 चा, तेव्हा त्यात नऊ क्लास होते, आता तेरा झालेत. मी खेळतो ते क्लासिक, म्हणजे 2019 मध्ये परत काढलेलं जुनं व्हर्जन, नऊवालंच. रात्री जेवण व्हायच्या आधी अर्धा तास आणि सगळे झोपल्यावर जमलं तर एक तास. आणि एकट्याने. यावर सगळ्यांचा ठरलेला प्रश्न असतो की ऑनलाइन गेम आणि एकट्याने, मग ऑनलाइन कशाला? अहो, चहा घरीही होतो की, तरी आपण टपरीवर जाऊन एकटेच उभे राहून पितोच ना. आजूबाजूला माणसं हवी असतात, फक्त आपल्याशी बोलायला नको असतात. गेममध्ये रस्त्याने जाताना कोणीतरी अनोळखी प्रीस्ट धावता धावता आपल्यावर एक आशीर्वाद टाकतो, आपलं आयुष्य अर्ध्या तासापुरतं थोडं वाढतं, आपण हात हलवतो, तो गेलेला असतो. एवढी सोबत मला पुरते.

नेटवर क्लास निवडायच्या गाइड ढिगाने आहेत आणि त्या सगळ्या सेकंदाला किती डॅमेज यावर चालतात. माझी परीक्षा वेगळी आहे. कुकरची तिसरी शिट्टी झाली की मला उठता आलं पाहिजे. बस.

या परीक्षेत पहिला नापास वॉरियर. मी सुरुवात त्याच्यापासूनच केली होती, कारण ढाल-तलवार म्हटलं की मराठी माणसाचा हात आपोआप तिकडेच जातो. पण एकट्या वॉरियरचे हाल कुत्रा खात नाही. जखम भरायची विद्या नाही, एका रानडुकराशी मारामारी केली की खाली बसून पाव खायचा, मग दुसरं डुक्कर, आणि चुकून दोन एकदम आली की स्मशानातून भूत होऊन आपल्याच प्रेताकडे धावत जायचं. त्यात वॉरियर म्हटलं की ग्रुपवाले डंजनमध्ये, म्हणजे पाच जणांनी मिळून लढायच्या गुहेत, पुढे घालतात. एकदा गेलो, रस्ता चुकलो, तिथे एकाने माझा जो उद्धार केला तो बघून मी लॉगआउट केलं आणि चक्क भांडी घासायला गेलो.

मेज, म्हणजे जादूगार, बरा, स्वतःचं खाणं-पाणी स्वतः मंत्राने तयार करतो, हॉस्टेलवर राहिलेल्या मुलासारखा स्वावलंबी, पण दोन फटक्यांत आडवा. रोग, म्हणजे आजार नव्हे, लपूनछपून वार करणारा भामटा, त्याचं लपणं मस्त आहे पण मला सतत लपून राहायला ऑफिस आहे. पॅलाडिन, म्हणजे देवभक्त योद्धा, मात्र आरामाचा. एकदा मारामारी लावून दिली की तो हातोडा आपला आपण घालत राहतो, एका हाताने पोहे खात खेळता येतं. शिवाय चौतिसाव्या लेव्हलला असं कवच मिळतं की दहा-बारा सेकंद कोणी केसालाही धक्का लावू शकत नाही, आणि घरी पोचवणाऱ्या दगडाला लागतात बरोबर दहा सेकंद. म्हणजे भांडण अंगाशी आलं की कवच घालायचं आणि सरळ घरी. पण खरं सांगू का, विसाव्या लेव्हलपर्यंत इतका कंटाळा येतो की पोहे संपले तरी मारामारी चालूच.

शेवटी हंटरवर, म्हणजे शिकाऱ्यावर, येऊन थांबलो. बुटका ड्वार्फ, खांद्यावर बंदूक. दहाव्या लेव्हलला जनावर पाळायची विद्या मिळते आणि खेळ तिथून सुरू होतो. वीस सेकंद जागचं हलायचं नाही, आपण मंत्र म्हणत उभे आणि समोरचं जनावर आपल्याला तुडवतंय, आणि वीस संपले की तेच आपल्या पायाशी येऊन उभं. शहाणी माणसं मांजर घेतात, वाघ-बिबट्या वगैरे. मी बर्फातलं एक रानडुक्कर घेतलं, नाव ठेवलं बंड्या. कारण मांजर फक्त मांस आणि मासे खातं, आणि डुक्कर पाव, चीज, फळं, मशरूम, काहीही. पिशवीत जे उरेल ते बंड्याला. पोटभर खाऊन खूश असला की सव्वापट मारतो, नाराज असला की पाऊणपट, आणि फारच दुर्लक्ष केलं तर कायमचा निघून जातो. त्याच्या फोटोशेजारी एक छोटा चेहरा असतो, हिरवा, पिवळा, लाल. एकदा तो पिवळा झालेला आईने मागून बघितला. "त्याला काहीतरी घाल खायला आधी," म्हणाली. तेव्हापासून ती अधूनमधून चौकशी करते, जेवला का तुझा तो. फीचं अजून विचारलेलं नाही.

एकट्याने खेळणं पूर्वी इतकं सोपं नव्हतं. 1999 च्या एव्हरक्वेस्ट या ऑनलाइन गेममध्ये नेक्रोमॅन्सर, ड्रुइड असे मोजके क्लास सोडले तर बाकीच्यांना पुढे पुढे ग्रुप मिळेपर्यंत बसून राहावं लागायचं, शेअर रिक्षा भरेपर्यंत बसतात तसं. आता उलटं झालंय, वॉरक्राफ्टच्या नव्या व्हर्जनमध्ये 2024 पासून काही डंजनमध्ये चार कंप्युटरची माणसं सोबत घेऊन जाता येतं. मी जाऊन बघितलं. कोणी शिव्या घालत नाही, रस्ता चुकलो तरी गप्प उभे राहतात. पण कोणी धावता धावता आशीर्वादही टाकत नाही. मी परत बंड्याकडे आलो.

आणि हंटरची खरी चैन तिसाव्या लेव्हलला मिळते. मेल्याचं सोंग. एक बटण दाबलं की ड्वार्फ धाडकन आडवा, जनावरांना वाटतं गेला, ती निघून जातात. कुकरसाठी याहून चांगली विद्या नाही. मागच्या रविवारी ऐन मारामारीत बेल वाजली, मी सोंग घेऊन दार उघडायला गेलो. शेजारच्या काकू होत्या, हातात वाटी, विरजण मागायला आलेल्या. आई आंघोळीला, मग मीच फ्रीज उघडला, मग त्यांच्या नातवाची ॲडमिशन, मग आमच्या सोसायटीची लिफ्ट. सोंग जास्तीत जास्त सहा मिनिटं टिकतं, त्यानंतर माणूस खरंच मरतो, हे मला माहीत होतं आणि मी दारात उभा राहून लिफ्टच्या दुरुस्तीच्या खर्चावर मान डोलवत होतो. परत आलो तर ड्वार्फ खरोखरचा गेलेला, बंड्याचाही पत्ता नाही.

भूत होऊन निघालो. स्मशान तिथून जाम लांब होतं.