काच गळली आणि ट्रक बिघडला: कॅलगरीत बॉडी कंट्रोल मॉड्यूल बदलताना

कॅनडाच्या अल्बर्टा प्रांतात गाडीची पुढची काच तडकणे इतके नित्याचे आहे की त्याची कोणी चर्चाही करीत नाही. हिवाळ्यात चाके घसरू नयेत म्हणून रस्त्यांवर मिठाबरोबर बारीक खडी टाकतात. पुढच्या वाहनाच्या चाकाखालून उडालेला एखादा खडा काचेचा टवका काढतो, आणि उणे पंचवीस अंशांत गोठलेल्या त्या काचेला आतून हीटरची गरम हवा लागली की टवक्यातून निघालेली रेघ एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत धावते. आमच्या पिकअप ट्रकची काचही अशीच तडकली आणि आम्ही ती बदलून घेतली. पुढच्या हिवाळ्यात या ट्रकची सारी विद्युत यंत्रणा बिघडली, आणि त्याचे मूळ त्या बदललेल्या काचेतच होते.

लक्षणे विचित्र होती. रॉकी पर्वतावरून कॅलगरीकडे चिनूक नावाचा उबदार, कोरडा वारा सुटतो, तेव्हा काही तासांत तापमान वीस-वीस अंशांनी चढते आणि छपरांवरचे बर्फ पाण्यासारखे वाहू लागते. नेमक्या अशाच दिवशी ट्रकचे वायपर कोणी हात न लावता फिरत, दारांची कुलपे टकटक वाजत राहत, केबिनमधला दिवा दार लावले तरी विझत नसे आणि सकाळी बॅटरी पार उतरलेली असे. पुन्हा कडाक्याची थंडी पडली की सगळे सुरळीत. पाणी जिथे कुठे शिरत होते तिथे ते गोठून बसत असावे, अशी शंका मला या क्रमावरूनच आली.

दिवे, वायपर, हॉर्न, काचा, कुलपे आणि चोरीला आळा घालणारी इमोबिलायझरची व्यवस्था यांचा कारभार ज्या एका संगणकाकडे असतो, त्याला बॉडी कंट्रोल मॉड्यूल म्हणजे बीसीएम म्हणतात. पूर्वी वायपरचे बटण दाबले की वीज रिलेमार्गे थेट वायपरच्या मोटरकडे जात असे. आता बटण बीसीएमला केवळ निरोप देते आणि पुढचे काम बीसीएम करते. इंजिनाचा संगणक, ब्रेकचा संगणक आणि बीसीएम एकमेकांशी बोलतात ते एकमेकींत पिळलेल्या दोन तारांवरून. कॅन या नावाने ओळखली जाणारी ही पद्धत बॉश कंपनीने 1986 साली डेट्रॉईटमध्ये मांडली आणि आज जवळजवळ प्रत्येक वाहनात ती आहे. त्यामुळे या जाळ्यातला एक संगणक बिघडला की तक्रारी इतर संगणकही नोंदवू लागतात. आमच्या ट्रकमध्ये स्कॅनर जोडल्यावर यू 0140 हा कोड एकाहून अधिक ठिकाणी सापडला. त्याचा अर्थ ‘बीसीएमशी संपर्क तुटला’ एवढाच असतो, ‘बीसीएम निकामी झाले’ असा नव्हे.

हा फरक महागात पडू शकतो. कोड दिसला की नवे मॉड्यूल मागवायचे, हा प्रकार इकडेही सर्रास चालतो, आणि काही शे डॉलर मोजून बसवलेले नवे मॉड्यूल त्याच बिघाडाला बळी पडते. इचलकरंजीला ट्रकचे वायरिंग करणारे माझे मामेभाऊ फोनवर ऐकताक्षणी म्हणाले, “बॉक्स मागनं बदल की, आधी अर्थ बघ.” अर्थ म्हणजे इथे अर्थिंग, तारा ट्रकच्या धातूच्या सांगाड्याला जिथे जोडतात ते जोड. त्यांचा सल्ला इथल्या कोणत्याही सर्व्हिस मॅन्युअलच्या पहिल्या पानावर शोभण्यासारखा आहे. आमच्या भागातल्या एका स्वतंत्र गॅरेजच्या मेकॅनिकनेही तपासणी तिथूनच सुरू केली. अर्थचे जोड घट्ट आणि स्वच्छ निघाले. मग बॅटरीची तार काढून त्याने निदानाच्या सॉकेटमधल्या 6 आणि 14 क्रमांकाच्या पिनांमधला रोध मोजला. कॅनच्या जाळ्याच्या दोन्ही टोकांना 120 ओहमचा एकेक रोधक समांतर जोडलेला असतो, म्हणून जाळे शाबूत असेल तर साठ ओहम दिसले पाहिजेत, तेवढे दिसले.

राहिला प्रश्न बॅटरी उतरण्याचा. बंद ट्रकमधले सगळे संगणक झोपी गेल्यावर विजेचा खप साधारणपणे 50 मिलिअँपिअरच्या आत हवा. मोजणी करायची तर ते झोपेपर्यंत अर्धा तास, कधी त्याहूनही अधिक थांबावे लागते, आणि मध्येच कोणी दार उघडले की सगळे पुन्हा जागे होतात. म्हणून त्याने दार उघडेच ठेवून त्याची कडी स्क्रू-ड्रायव्हरने आत ढकलली, म्हणजे दार लागले आहे अशी ट्रकची समजूत झाली. फ्यूज उपटले तरी संगणक जागे होतात, त्यामुळे एकेका फ्यूजच्या दोन टोकांमधला सूक्ष्म व्होल्टेज तपासत तो पुढे गेला. वीज वाहत होती ती बीसीएमच्या फ्यूजमधून. प्रवाशाच्या पायापाशी असलेले प्लास्टिकचे झाकण काढून मॉड्यूलचा सर्वांत वरचा कनेक्टर सोडवला, तेव्हा त्यातल्या कडेच्या पिनांवर हिरवी बुरशी चढावी तसा गंज चढलेला होता आणि त्याच्या वरच्या तारांच्या जुडग्यावर पाणी ओघळल्याची पांढरट रेघ स्पष्ट दिसत होती. मॉड्यूल उघडल्यावर आतल्या बोर्डावरही तोच गंज सापडला, तेव्हा कुठे ते निकामी ठरवले गेले.

नवे मॉड्यूल बसवण्याआधी पाण्याचा बंदोबस्त आवश्यक होता. एकाने बाहेरून काचेवर पाण्याची बारीक धार खालून वर हळूहळू सरकवायची आणि दुसऱ्याने आत टॉर्च घेऊन बसायचे, अशी ही परीक्षा असते. धार वरच्या कोपऱ्याशी पोहोचताच आतल्या खांबालगत थेंब ठिबकू लागले. काच बसवणाऱ्याने जुना चिकट थर नीट न खरवडता त्या कोपऱ्यात युरेथेनचा गोंद खंडित ठेवला होता. काच पुन्हा काढून, चौकटीवर नुकता धरू लागलेला गंज घासून आणि प्रायमर लावून ती नव्याने बसवावी लागली.

भंगारातल्या ट्रकचे मॉड्यूल स्वस्त मिळते, पण त्यात त्या जुन्या ट्रकचा 17 अक्षरी-अंकी वाहन क्रमांक आणि त्याच्या किल्ल्यांची ओळख भरलेली असते. काही मॉड्यूले ती पुसूही देत नाहीत. शिवाय सीमेपलीकडच्या अमेरिकेतले मॉड्यूल असेल तर आणखी एक अडचण येते. डिसेंबर 1989 पासून तयार झालेल्या वाहनांना कॅनडात दिवसाही पुढचे दिवे लागलेले ठेवणारी यंत्रणा सक्तीची आहे, अमेरिकेत नाही, आणि ती चालू ठेवायची की नाही हे अशा ट्रकमध्ये बीसीएममधल्या नोंदीवरच ठरते. आम्ही नवे, कोरे मॉड्यूल घेतले.

बॅटरी सोडवून, एअरबॅगमधली साठलेली वीज विरेपर्यंत काही मिनिटे थांबून, जुने मॉड्यूल काढून नवे जागेवर बसवणे हे या सगळ्यातले सर्वांत सोपे काम होते. खराब झालेल्या पिनांसाठी कनेक्टरचा तुकडाही बदलला. पण एवढ्याने ट्रक सुरू होत नाही. कॅनडात 1 सप्टेंबर 2007 पासून नव्या हलक्या वाहनांना इमोबिलायझर सक्तीचा आहे, आणि नव्या मॉड्यूलला ना किल्ली ओळखता येते ना इंजिनाच्या संगणकाला द्यायचे उत्तर ठाऊक असते. त्यासाठी फिरता प्रोग्रामर बोलवावा लागतो. तो लॅपटॉप, ट्रकला जोडायचे पास-थ्रू उपकरण आणि निर्मात्याच्या सॉफ्टवेअरचे अल्प मुदतीचे शुल्क भरलेले खाते घेऊन येतो. प्रोग्राम भरताना व्होल्टेज घसरले तर कोरे मॉड्यूल कायमचे बाद होऊ शकते, म्हणून बॅटरीला स्थिर वीज देणारे यंत्र सर्वांत आधी जोडतात. घरातल्या सर्व किल्ल्या त्या वेळी हजर असाव्या लागतात, कारण जी किल्ली तेव्हा शिकवली जात नाही तिने नंतर इंजिन सुरू होत नाही.

स्वतंत्र गॅरेजला हे सारे करता आले, याचे श्रेय अनेक वर्षांच्या आग्रहाला जाते. वाहन निर्माते आणि दुरुस्ती व्यवसायाच्या संघटना यांच्यात 2009 साली झालेल्या ऐच्छिक करारामुळे इथे दुरुस्तीची माहिती आणि साधने शुल्क भरून मिळू लागली. पुढे 7 नोव्हेंबर 2024 रोजी कॅनडाच्या कॉपीराइट कायद्यात दुरुस्ती होऊन, निदान, देखभाल आणि दुरुस्ती यांसाठी सॉफ्टवेअरचे कुलूप ओलांडण्याची मुभा मिळाली. भारत सरकारनेही 2022 साली दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमून त्याच वर्षाअखेरीस पोर्टल सुरू केले आणि त्यात वाहनांचाही समावेश केला. हा हक्क इचलकरंजीच्या वायरमनपर्यंत, परवडणाऱ्या शुल्कात आणि प्रत्यक्ष सॉफ्टवेअरच्या रूपात पोहोचावा असे मला मनापासून वाटते. निदानाची अक्कल त्यांच्याकडे आहेच. आता अडते ते खात्यावाचून आणि परवान्यावाचून.

प्रोग्रामिंग झाल्यावर दिवे, हॉर्न, वायपर, चारही काचा आणि प्रत्येक किल्ली तपासून पाहिली. काचेवर पुन्हा पाण्याची धार सोडली, आतला कोपरा कोरडा राहिला. शेवटी दाराची कडी तशीच स्क्रू-ड्रायव्हरने बसवून मेकॅनिकने खप मोजला: संगणक झोपल्यावर तो तीस मिलिअँपिअरच्या आसपास स्थिरावला आणि त्याने पायापाशी असलेले झाकण बसवले.