कोपरा कापू नका

पत्र्याचा ट्रे करायला बसलेला माणूस आधी हात घालतो तो कात्रीला. चार कोपऱ्यांचे चौकोन कापले, बाजू उभ्या केल्या, की झालं खोकं! खोकं होतंही, पण पाण्याला चार उभ्या फटी मिळतात आणि त्या बुजवण्यात दुपार जाते. पत्रा बिचारा अखंड असतो. गळती आणतो आपण.

तळ ३० बाय २० आणि उंची ५ सेंमी हवी, तर अर्धा मिमी जाडीचा ४० बाय ३० सेंमीचा जस्ती पत्रा घ्यावा. चारी कडांपासून ५ सेंमीवर रेघा मारायच्या, त्याही मार्कर पेनने. लोखंडी टोच्याने जस्ताचा थर ओरखडतो आणि गंज नेमका घडीत धरतो. कोपऱ्यातल्या चौकोनात तळाच्या टोकापासून बाहेरच्या टोकापर्यंत कर्ण आखायचा. बाजू थोड्याथोड्या उचलत हा कर्ण चिमटीत धरल्यासारखा बाहेर दुमडत न्यायचा. एक बाजू एका दमात नव्वद अंशांत उभी केलीत, तर शेजारची रुसते. शेवटी कोपऱ्याला दुहेरी पत्र्याचा त्रिकोणी कान फुटतो. तो आखूड बाजूवर चपटा बसवला, की त्याची वरची कड बरोबर काठाला जुळते. हे पाहायला फार छान वाटतं.

धोका एकाच जागी: घड्या जिथे भेटतात ते तळाचं टोक. ते सुरीसारखं धारदार करायच्या हौसेने हातोडा चालवला, की पत्रा ताणून टाचणीएवढं भोक पडतं. थोडी गोलाई राहू द्यावी.

पडलंच भोक, तर डाख, म्हणजे वितळवून भोक बुजवायचा मऊ धातू (सोल्डर). पत्रा चकचकीत घासा, फ्लक्स (डाख पत्र्याला धरावी म्हणून लावायचं रसायन) लावा आणि तापवायचा तो पत्रा. डाख त्याच्या उष्णतेने वितळून पसरली पाहिजे. रेडिओदुरुस्तीचं २५ वॅटचं सोल्डरिंग आयर्न इथे उपयोगाचं नाही, पत्रा सगळी उष्णता पिऊन टाकतो आणि डाखेचे नुसते मणी घरंगळतात. पिण्याच्या पाण्यासाठी शिसं असलेली डाख मुळीच नको. उरलेला फ्लक्स गरम पाण्याने धुवा, नाहीतर तोच पत्रा खातो.

परीक्षा रात्रभराची: पाणी भरून ट्रे कोरड्या वर्तमानपत्रावर ठेवायचा. पाणी गार नको. बाहेरून सुटलेल्या घामालाच लोक गळती समजतात.