‘दुसरी पाळी’च्या आधीचे काही दिवस

रविवार, रात्री अकरा

आज सोलापूरजवळ कुंभारीला जाऊन आले. तिथल्या बिडी कामगार बायकांच्या गोदूताई परुळेकर वसाहतीत एका मावशींच्या घरापुढं बसून ‘दुसरी पाळी’चा, म्हणजे माझ्या आजी-आजोबांच्या गोष्टीचा, अख्खा प्रयोग करून दाखवला, माईक नाही लाईट नाही, समोर १४ बायका आणि त्यातल्या ९ जणींच्या मांडीवर सूप, कारण हजार बिड्या रोजच्या व्हायलाच पाहिजेत, माझी गोष्ट असो नाहीतर कुणाची असो. आधी मला वाटत होतं की यांनी घटकाभर काम बाजूला ठेवून ऐकावं. पाच मिनिटांत कळलं की असंच बरंय. हात चालू असतात, कान मोकळे असतात, आणि गोष्ट जिथं खरंच धरते तिथं कात्रीचा आवाज थांबतो. इतकी स्पष्ट खूण मला कुठल्या तालमीत मिळाली नव्हती. कात्री तीनदा थांबली. घरी आल्या आल्या संहितेत त्या तिन्ही जागांवर पेन्सिलीनं रेघ मारून ठेवली.

एका जागी मात्र बायका एकमेकींकडं बघायला लागल्या. आजी पहिल्यांदा बिडी वळायला शिकते तो प्रसंग. मी तिथं दोन्ही तळहात एकमेकांवर घासत होते, देवाची वात वळतो ना तसं. मी लहान असताना आजी वळायची तेव्हा मी तिच्या तोंडाकडं बघत बसायचे, हाताकडं कधी बघितलंच नाही, हे आज कळलं. प्रयोग संपल्यावर एक तेलुगू मावशी म्हणाल्या, ‘रा अम्मा, कूर्चो’, आणि मला शेजारी बसवून माझ्याच मांडीवर सूप ठेवलं. पान रात्रभर भिजलेलं असतं म्हणून ते मऊ असतं, कोरडं पान लगेच चिरतं. पत्र्याचा तुकडा पानावर ठेवून त्याच्या मापानं कात्री फिरवायची, जाड शीर आली तर ती बाजूला, तंबाखू चिमटीनं सारखा पसरायचा, मग वळायचं ते तळहातानं नाहीच, अंगठा आणि दोन बोटं, खाली निमुळतं वर रुंद, दोऱ्याचे दोन वेढे आणि शेवटी नखानं तोंड दुमडायचं. मावशींचं हे सगळं मी एक श्वास घेईपर्यंत झालं. माझं झालं नाही. सहा पानं फाटली.

मग त्या म्हणाल्या, तुझ्या आजीचीबी पहिल्या दिवशी फाटलीच असतील की, तेच दाखव. एवढं बोलून त्या परत कामाला लागल्या आणि मी तिथंच बसून राहिले, कारण गेल्या आठ महिन्यांत त्या प्रसंगात नेमकं काय कमी पडतंय ते मला सापडत नव्हतं. मी आजीला पहिल्याच दिवसापासून तरबेज करून ठेवलं होतं.

सोमवार

ऑफिस, मग डॉक्टरकडं आईला नेलं, तालीम नाही. रात्री फक्त हात. जुन्या वर्तमानपत्राचे तुकडे पत्र्याच्या मापाचे कापून ४० वेळा वळले.

गुरुवार

आज संहिता परत पहिल्यापासून वाचली. बरेच जण विचारतात की हे नक्की काय आहे, नाटक का एकपात्री का कथाकथन, म्हणून एकदा नीट लिहून ठेवते.

आजोबा मिलमध्ये साच्यावर, म्हणजे मागावर होते, कायम दुसरी पाळी, दुपारी तीनला डबा घेऊन जायचे आणि रात्री अकरा-साडेअकराला यायचे. मिल बंद पडली तेव्हा ते ५१ वर्षांचे होते. त्यानंतर आजी बिड्या वळायला लागली आणि घर तिच्यावर चाललं. आजोबा मात्र रोज तीनला डबा घेऊन बाहेर पडायचे ते थांबलं नाही, कुठं जायचे ते आजीनं कधी विचारलं नाही आणि तरी डबा रोज भरून दिला. एवढीच गोष्ट आहे. मी एकटी सांगते, १ तास १० मिनिटं, सामान म्हणजे एक सूप, एक डबा आणि एक सोलापुरी चादर. चादर कधी साचा होते, कधी अंथरूण, कधी आजोबांच्या अंगावरची शेवटची.

पहिला खर्डा पावणेदोन तासांचा होता. त्यात मी सगळं सोलापूर कोंबलं होतं. १८७७ची जुनी मिल, तिची चिमणी, भोंग्यावर घड्याळ लावणारे लोक, तेलंगणातून आलेले पद्मशाली विणकर, आणि मे १९३०चा मार्शल लॉ. मार्शल लॉ तर ज्यांना ज्यांना वाचून दाखवलं त्या सगळ्यांनी सांगितलं की पाहिजेच, सोलापूरवर कार्यक्रम आणि चार हुतात्मे नाहीत असं कसं चालेल. मी मनापासून लिहिलं होतं ते. मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे, १२ जानेवारी १९३१, येरवड्याला फाशी. नऊ मिनिटांचा भाग होता आणि टाळ्या हमखास. पण दरवेळी तिथून परत आजोबांच्या डब्याकडं यायला मला फार कष्ट पडायचे, आवाज वर गेलेला असायचा, तो खाली उतरायचाच नाही, आणि पुढचा आजीचा प्रसंग फिका वाटायचा. आजी फिकी नव्हती, मी तिच्या आधी भलतंच काहीतरी ठेवलं होतं. काढून टाकला तो भाग. अजून वाईट वाटतं. त्या चौघांवर वेगळा कार्यक्रम करायला पाहिजे आणि तो कुणीतरी पूर्ण तयारीनं करावा, माझ्या आजोबांच्या गोष्टीत त्यांना मध्येच बोलावून टाळ्या घेणं मला बरोबर वाटलं नाही.

आवाजाचंही तसंच. लक्ष्मण देशपांडे ‘वऱ्हाड निघालंय लंडनला’मध्ये एकटे ५२ पात्रं उभी करायचे, ते बघत-ऐकत मोठे झालेले आपण, त्यामुळं एकटं माणूस स्टेजवर म्हणलं की आवाज बदलणार असंच डोक्यात असतं. मी पण आजोबांचा जाड, आजीचा बारीक, मुकादमाचा नाकातला असं सगळं करून बघितलं. मला ते जमत नाही हे एक, आणि दुसरं म्हणजे माझी आजी मी बारीक आवाज काढला की परकी होते. मग ते सोडलं. शंकर पाटील, व्यंकटेश माडगूळकर आणि मिरासदार गावोगाव कथाकथन करायचे त्याच्या रेकॉर्डिंग ऐकल्या, ते आपल्याच आवाजात सांगतात आणि तरी माणूस दिसतो. आता माझ्याकडं फक्त बसायची पद्धत बदलते. आजोबा उकिडवे, आजी एक गुडघा वर घेऊन. बास.

शनिवार

प्रसिद्धी या शब्दाचं मला टेन्शन यायचं, अजून येतं, पण या आठवड्यात बरंच शिकले.

नावावरूनच पहिला घोळ झाला. ‘दुसरी पाळी’ हे नाव मला फार आवडतं, आजोबांची मिलची पाळी आणि मिल गेल्यावर आजीनं सुरू केलेली तिची पाळी. पण व्हॉट्सॲपवर पोस्टर फिरलं आणि एका महिला मंडळाचा फोन आला की आम्हाला मुलींसाठी मासिक पाळीवर कार्यक्रम हवाच होता. त्यानंतर अजून दोघींनी तेच विचारलं. नवी पेठेत एका दुकानात पोस्टर लावायला गेले तर साठीतले काका नाव वाचूनच म्हणाले, कुठली मिल? त्यांच्या शेजारी त्यांचा पोरगा, त्याला काहीच लागलं नाही. म्हणजे माझ्या शहरात एकाच घरात एका पिढीला हा शब्द लगेच कळतो आणि पुढच्या पिढीला कळत नाही, आणि हे ‘कळत नाही’ मला घाबरवण्यापेक्षा जास्त रडवून गेलं. नाव बदल असं दोघातिघांनी सुचवलं. नाही बदललं. पोस्टरवर फोटो बदलला, आधी माझा चेहरा होता, आता पितळी डबा आणि मागं चिमणी. फोन बंद झाले.

रील्स केल्या. मी बोलते अशा चार रील्स, कुणी बघितल्या नाहीत म्हणलं तरी चालेल. पाचवीत फक्त मावशींचे हात, ३० सेकंद, आवाज फक्त कात्रीचा, त्यांना विचारून टाकली. ती लई फिरली. पुण्या-मुंबईला गेलेल्या सोलापूरकरांनी खाली लिहिलं, माझी आई, माझी आत्या, आमच्या शेजारच्या अमक्या. एकानं तर इंजिनिअरिंगची फी आईच्या बिड्यांवर भरली असं लिहिलं. हे सगळं वाचून तिकीट एकही गेलं नाही, ही माणसं सोलापुरात राहतच नाहीत. पण रात्री कुणी विचारलं तर मी हेच सांगेन की ती रील टाकली ते बरं केलं.

तिकिटं हातानंच विकावी लागतात. ऑनलाईन लिंक ठेवली, त्यावर ११. बाकी सगळी समोर उभं राहून, दोन मिनिटं गोष्टीचं तोंड सांगून, की आमचे आजोबा मिल बंद झाल्यावर पण रोज तीनला डबा घेऊन निघायचे. इथं थांबायचं. समोरचा विचारतो कुठं जायचे? मग तिकीट. दर १०० ठेवलाय. कुंभारीच्या बायकांना मी म्हणलं होतं तुम्हाला तिकीट नाही, तर त्याच तेलुगू मावशींना ते आवडलं नाही, फुकट कशाला, आम्ही गड्ड्याच्या जत्रेत पाळण्याला पैसे देतोच की. मग त्यांच्यासाठी २० रुपये ठरलं आणि त्यांनी १४ जणींचे २८० मोजून हातात दिले. ते पैसे मी वेगळे ठेवलेत.

भोगी

गड्डा असल्यामुळं प्रयोग पुढच्या रविवारी ढकललाय, या दिवसांत सगळं सोलापूर होम मैदानावर असतं, हॉलमध्ये कोण येणार. आज अक्षता सोहळ्याला, म्हणजे जत्रेतल्या लग्नाला गेले. संमती कट्ट्याभोवती पाय ठेवायला जागा नव्हती, सगळे पांढऱ्या बाराबंदीत, नंदीध्वज आले, आणि मग संमतीचं, म्हणजे या लग्नाच्या मंगलाष्टकांचं वाचन सुरू झालं तशी एवढी मोठी गर्दी गप्प झाली. सगळ्यांचा कान त्या एका शब्दाकडं, कधी सत्यम् सत्यम् दिड्डम् दिड्डम् येतं आणि हातातल्या अक्षता सोडायच्या. सिद्धेश्वरांच्या योगदंडाशी कुंभारकन्येच्या लग्नाची गोष्ट, शेकडो वर्षं दरवर्षी तीच, शेवट लहान पोराला पण पाठ.

मला एका जाणत्या माणसानं सांगितलं होतं की मिल बंद पडली हे सगळ्यांना माहितीय, त्यात आता काय बघायचं, शेवट ठाऊक असलेल्या गोष्टीला तिकीट कोण काढतं. मला तेव्हा उत्तर सुचलं नव्हतं आणि दोन रात्री झोप नव्हती. आज गर्दीत उभी असताना शेजारची बाई डोळे मिटून थांबली होती, मूठ वर धरून. तिला पुढं काय येणार ते माहीत होतं म्हणूनच ती इतकी ताटकळली होती. मी घरी येऊन प्रयोगाचं पहिलं वाक्य बदललं. आता सुरुवातीलाच सांगून टाकते की मिल बंद पडली आणि आजोबा गेले. मग मागं जाते.

शनिवार, रात्री साडेदहा

उद्या संध्याकाळी सहाला. संहिता तपासून प्रयोगाला परवानगी देणाऱ्या परिनिरीक्षण मंडळाचं प्रमाणपत्र फाईलमध्ये आहे, हॉलचं भाडं भरलंय. हुतात्मा स्मृती मंदिरात करायचं स्वप्न आहे, पण ते आत्ता परवडणारं नाही, वाचनालयाचा छोटा हॉल, ९० खुर्च्या. ७३ तिकिटं गेलीत. लाईटवाल्या दादांना सांगितलंय की दोनच लाईट, एक डब्यावर आणि एक सुपावर, आणि बाकी मी सांभाळते. ते म्हणाले चेहरा दिसणार नाही ताई. म्हणलं हात दिसू देत.

उद्या स्टेजवर खरं पान वळायचं ठरलंय. तंबाखू नाही आणणार, लहान पोरं असतील समोर, मावशींनीच सुचवलं की वाळलेली मेथी घाल, रंग जुळतो. पहिलं पान फाडायचं, दुसरं फाडायचं, तिसरं वळायचं. गेले चार दिवस दहातली सात नीट येतात. म्हणजे तिसरं पण फाटू शकतं, आणि फाटलं तर चौथं घेईपर्यंत काय बोलायचं ते मी लिहिलेलं नाही. आजी काय बोलली असती ते बोलेन.

आईनं आत्ता विचारलं, आजोबा रोज कुठं जायचे ते तू शेवटी सांगतेस का गं? मी म्हणलं मला माहीत नाही तर कसं सांगू. आई बराच वेळ काही बोलली नाही, मग म्हणाली, मला माहितीय, पण तू उद्याचा प्रयोग करून ये, मग सांगते.

पानं भिजत घातलीत, २० आहेत. थोड्या वेळानं पाण्यातून काढून ओल्या फडक्यात गुंडाळायची आहेत, म्हणून अजून जागी आहे.