बिऱ्हाड, नोंद सातवी: थरच्या वाळूत चौदा दिवस, दोन मुलं आणि दोन कुत्री

कच्छहून परत आल्यावर मागच्या नोंदीत तीन दुखणी लिहिली होती. पहाटे चारला फ्रिज बंद पडतो, मागच्या दारातून धूळ येते आणि टाकीतलं पाणी दोन दिवसांत संपतं. वर्षभर त्यावर काम केलं आणि डिसेंबर २०२३ मध्ये बिऱ्हाड, म्हणजे आमची राहती गाडी, थेट थरच्या वाळवंटात नेलं. पुणे, अहमदाबाद, सांचोर, बाडमेर, जैसलमेर, तनोट आणि त्याच वाटेने परत, साधारण २,९०० किलोमीटर. गाडीत मी, नवरा, दहा वर्षांची ईरा, सहा वर्षांचा मल्हार, आमची कारवान जातीची बिजली आणि गावठी लाडू.

आधी विजेचं सांगते, कारण सगळ्यात जास्त विचारणा त्याचीच झाली. जुनी १५० अँपिअर-तासांची (बॅटरीत किती वीज मावते त्याचं हे माप) लेड-ॲसिड बॅटरी काढली आणि २०० ची लिथियम-आयर्न-फॉस्फेट बसवली. लेड-ॲसिड निम्म्याखाली उतरवली की तिचं आयुष्य घटतं, म्हणजे १५० मधले हाताशी खरे ७५च. आमचा रोजचा खर्च साठच्या आसपास. त्यातला निम्म्याहून जास्त एकटा फ्रिज घेतो, बाकी पंखा, दिवे, पाण्याचा पंप आणि फोन. नवी बॅटरी गाडीच्या तळाखालच्या पेटीत न ठेवता आत, पलंगाखाली ठेवली. शून्याच्या खाली लिथियम चार्ज करायची नसते. जैसलमेरची रात्र तेवढी गार होत नाही, पण पहाटे सहा-सात अंश आम्ही रोज पाहिले आणि उघड्या माळावर गाडीचा पत्रा त्याहून गार पडतो.

टपावर २०० वॅटची दोन सोलर पॅनेलं आडवी बसवली आहेत. डिसेंबरअखेर जैसलमेरला भरदुपारीसुद्धा सूर्य क्षितिजापासून जेमतेम चाळीस अंशांवर असतो, त्यामुळे आडव्या पॅनेलला तिरकं ऊन मिळतं आणि उत्पन्न तिथेच घटतं. शिवाय सूर्य उगवतो साडेसातच्या सुमारास. पहिल्या दिवशी ९० अँपिअर-तास मिळाले, चौथ्या दिवशी ६५. आकाश तर स्वच्छ होतं, घट झाली ती धुळीमुळे. पॅनेल कोरड्या फडक्याने पुसू नका, वाळूचे कण काचेवर ओरखडे काढतात. आधी मऊ ब्रशने झाडायचं, मग ओल्या फडक्याचा एक हात फिरवायचा. सकाळी दहा मिनिटं दिली की आकडा ८५ वर येतो. चौदा दिवसांत फ्रिज एकदाही बंद पडला नाही, हे लिहिताना मला खरंच आनंद होतोय.

धुळीचं दुखणं अर्धंच बरं झालं. मागच्या दाराचं रबर बदललं होतं, तरी जैसलमेरजवळच्या खुरी गावाच्या कच्च्या रस्त्यावर पहिल्याच दिवशी गादीवर पिठासारखा थर बसला. मग लक्षात आलं की मागच्या खिडक्या उघड्या ठेवून चाललो की गाडीच्या मागे जो धुळीचा लोट उठतो तो आतच ओढला जातो. मागचं सगळं घट्ट बंद केलं आणि पुढचा पंखा बाहेरची हवा आत घेईल असा लावला. आतला दाब किंचित वाढला की हवा फटींतून बाहेर ढकलली जाते आणि धुळीला आत शिरायला वाव राहत नाही. दुसऱ्या दिवशी त्याच रस्त्याने परतलो तेव्हा गादी स्वच्छ होती.

रात्री मात्र एक खिडकी बोटभर उघडी लागते. सहा जिवांच्या श्वासाने पहाटे पत्र्याला घाम फुटतो आणि तो थेंब थेंब मल्हारच्या पांघरुणावर पडतो. बाहेरची हवा इतकी कोरडी असते की तेवढ्या फटीने काम होतं.

वेगाबद्दल आमचं मत आता पक्कं आहे. बाडमेरपर्यंत लांब पल्ले मारले आणि त्या तीन दिवसांत मुलं किरकिरली, लाडूने दोनदा ओकलं. बाडमेरनंतर दिवसाला दीडशे किलोमीटरच्या वर जायचं नाही असं ठरवलं आणि घरचा सूरच बदलला. बाडमेर ते जैसलमेर साधारण तेवढंच अंतर. वाटेत आकलला थांबलो. वाळवंटात आडवे पडलेले झाडांचे दगड झालेले बुंधे, अठरा कोटी वर्षांपूर्वीचे. मल्हारने एका बुंध्यापाशी बसून वाढीची वर्तुळं बोटाने हवेत मोजली. आम्ही आत गेलो तेव्हा नवरा कुत्र्यांजवळ थांबला, मग आमची पाळी. कुत्री असली की प्रत्येक ठिकाणाला दुप्पट वेळ धरायचा.

तनोटच्या वाटेवर गाडी रुतली. समोरून लष्कराचा ट्रक आला, वाट द्यायला मी डावी चाकं डांबराखाली उतरवली आणि मागची जोडचाकं वाळूत बसली. ॲक्सिलरेटर दाबायचा मोह आवरा. एकदा चाक जागच्या जागी फिरलं की ते स्वतःचाच खड्डा खणतं. चाकांपुढची वाळू फावड्याने उतार करून काढली, जोडचाकांच्या मधली हाताने काढली, मागच्या चारही टायरांची हवा एक तृतीयांश कमी केली आणि फळ्या खाली सरकवल्या. दुसऱ्या गिअरमध्ये हळूच निघाली. सगळ्याला चाळीस मिनिटं लागली आणि हवा पुन्हा भरायला तेवढीच. कॉम्प्रेसर लहान असेल तर जोडचाकांच्या गाडीत हा वेळ धरून चला. तनोट मातेच्या देवळात १९६५ च्या युद्धातले न फुटलेले बॉम्ब ठेवले आहेत, देवळाची व्यवस्था सीमा सुरक्षा दल पाहतं. ईराने जवानांना इतके प्रश्न विचारले की आम्हाला निघायला अंधार पडला.

आता पाणी. टाकी ११० लिटरची केली, ईराने दाराला तक्ता चिकटवला आणि रोजचा खर्च लिहायला घेतला. पहिल्या दिवशी ४१ लिटर. पिणं दहा, कुत्र्यांना पाच, स्वयंपाक नऊ, हात-तोंड पाच आणि भांडी बारा. बारा लिटर भांड्यांना! ते खटकत होतं, पण उपाय सुचत नव्हता.

तो मिळाला खुरीच्या पुढे एका ढाणीवर, म्हणजे आपल्याकडच्या वस्तीसारखी चार घरं. रात्री त्यांच्या कुंपणाशेजारी गाडी लावायची परवानगी विचारायला गेले, तर घरातल्या आजीबाई अंगणात भांडी घासत होत्या, कोरड्या वाळूने. मूठभर बारीक वाळू ताटात घ्यायची, तळव्याने गोल फिरवायची, तेलकट सगळं वाळूला चिकटतं, वाळू झटकायची आणि फडक्याने पुसायचं. पाण्याचा थेंबही नाही. ताट असं लखलखत होतं की त्यात मावळतीचं ऊन दिसत होतं. माझी आजी सोलापूरला राखेने घासायची, तिचा हात तस्साच फिरायचा. मुलांना त्यांनी ‘टाबर’ म्हणून जवळ बसवलं आणि मल्हारच्या हातात एक वाटी दिली.

मग त्यांनी टांका दाखवला. जमिनीत बांधलेली गोल टाकी, भोवती उतरती, चोपून घट्ट केलेली जमीन, वर झाकण आणि कुलूप. पावसाळ्यात जे चार पाऊस पडतात त्यांचं पाणी त्या उतारावरून आत जातं आणि पुढचे महिने पुरवायचं असतं. कुलूप उघडून त्यांनी पहिली बादली काढली ती लाडू आणि बिजलीसाठी. मी नको म्हणत राहिले, आमची टाकी भरलेली आहे म्हणून सांगितलं. त्यांनी ऐकलं नाही. दारी आलेलं जनावर तहानलेलं ठेवायचं नसतं, एवढंच म्हणाल्या. ईरा त्या रात्री तक्त्यापुढे बराच वेळ बसली होती.

दुसऱ्या दिवसापासून आम्ही स्टीलची भांडी वाळूने घासली. चाळलेली वाळू डब्यात ठेवायची, शेवटी ओल्या फडक्याचा हात. भांड्यांचे बारा लिटर तीनवर आले. नॉनस्टिक तवा सोडून सगळ्याला चालतं.

कुत्रीवाल्यांसाठी सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे भुरट. हे वाळूतलं गवत, त्याचे काटेरी गोळे हिवाळ्यात वाळून सगळीकडे पसरलेले असतात. पहिल्या संध्याकाळी बिजली तीन पायांवर उभी राहिली. पंजा उलटा केला तर बोटांच्या मधल्या मऊ कातडीत मसुराएवढे पाच गोळे, प्रत्येकाचे काटे उलट्या टोकाचे, ओढले की आणखी रुततात. चिमट्याने मुळाशी धरून सरळ वर काढायचे आणि मग खोबरेल लावायचं. विकतचे बूट तिने दहा पावलांत झटकले. मग रोज रात्री टॉर्च लावून पंजे तपासायचे, ते काम मल्हारने मागून घेतलं. आजीबाईंनी सांगितलं की दुष्काळात याच भुरटाचे दाणे काढून भाकरी करायचे.

आणि पट्टा सोडू नका. कारवान डोळ्यांनी शिकार हेरणारं कुत्रं, चिंकारा दिसला की तिला हाक ऐकू येत नाही. डेझर्ट नॅशनल पार्कमध्ये कुत्री नेलीच नाहीत. माळढोक उघड्या जमिनीवर बहुतेक एकच अंडं घालतो, त्या पक्ष्याला कुत्रं म्हणजे संकट. लहानपणी बाबांनी सोलापूरजवळच्या नान्नजला मला माळढोक दाखवला होता. इथे पार्कातल्या सुदासरीला सेवणच्या गवतात दुर्बिणीतून दोन दिसले, मान उंच करून सावकाश चालणारे. ईराच्या हातात दुर्बीण देताना माझा हात थरथरत होता.

पुढची कामं: पॅनेलला एका बाजूने उचलायचे बिजागर, वाळूच्या डब्यासाठी सिंकखाली कप्पा, मोठा कॉम्प्रेसर. बिजलीच्या डाव्या पंजातला शेवटचा काटा परवा निघाला, पुण्यात, मल्हारच्याच चिमट्याने.