दोन इंच लिफ्ट, साडेचारशे किलोमीटर आणि राहून गेलेली कामं

स्प्रिंग, पाटे आणि शॉकअप बदलून गाडी ५० मिलिमीटर वर घ्यायला आम्हा दोघा भावांना एक शनिवार-रविवार पुरला. सोमवारी ती अशी ऐटीत उभी होती की काम संपलं असंच वाटलं. पुढच्या शुक्रवारी तीन दिवसांच्या फेरीला निघालो. दीडशे किलोमीटर डांबर, मग घाट, मग कोरड्या नदीपात्रातली दगडधोंड्यांची वाट आणि परत. राहिलेली कामं वाटेत एकेक करून समोर आली.

आधी गाडीबद्दल. पुढे-मागे सॉलिड अ‍ॅक्सल, म्हणजे डावं-उजवं चाक एकाच अखंड दांड्यावर. पुढे कॉइल स्प्रिंग, अ‍ॅक्सलला चासीशी (गाडीच्या सांगाड्याशी) लांबीत जोडणारे रेडियस आर्म आणि त्याला आडवा सरकू न देणारा पॅनहार्ड रॉड, मागे पाटे. पुढे डिस्क, मागे ड्रम, एबीएस नाही. इंडिपेंडंट सस्पेन्शनवाल्यांची (प्रत्येक चाक स्वतंत्र) डोकेदुखी वेगळी असते, पण ब्रेकचं जे लिहिलंय ते त्यांनीही वाचावं.

पहिल्याच तासात स्टिअरिंग बोलायला लागलं. ऐंशीच्या वेगाला गाडी रस्ता शोधत होती. जरा डावीकडे, जरा उजवीकडे, आणि वळणानंतर स्टिअरिंग आपणहून सरळ येईना. हा कास्टर, म्हणजे चाक ज्या अक्षावर वळतं त्याचा मागे कललेला कोन, गेल्याचा परिणाम. सायकलचा चिमटा किंचित कललेला असतो, म्हणून हात सोडले तरी चाक सरळ राहतं. गाडीचंही तेच. रेडियस आर्मवाली गाडी उचलली की आर्म खाली झुकतात, त्यांच्याबरोबर अ‍ॅक्सल हाउसिंग फिरतं आणि कास्टर कमी होतो. माझ्या गाडीत ३ अंशांचा जेमतेम १ उरला होता, हे परत आल्यावर अलाइनमेंटच्या मशीनवर कळलं. उपाय म्हणजे भोक मध्यापासून सरकवलेले ऑफसेट बुश (आर्मच्या जोडातले रबरी तुकडे). बसवताना त्यांची दिशा दोनदा तपासा. उलटे बसले तर उरलेला १ अंशही जातो.

स्टिअरिंग सरळ धरलं तर गाडी एका बाजूला जात होती, तो ड्रॅग लिंकचा, म्हणजे स्टिअरिंगकडून चाकाकडे जाणाऱ्या दांडीचा प्रश्न. तिची नळी फिरवून पाच मिनिटांत सुटतो, वाटेतच सोडवला. अ‍ॅक्सलही पॅनहार्ड रॉडमुळे एका बाजूला सरकलेला होता. मडगार्डवरून दोन्हीकडे ओळंबा सोडून चाकापर्यंतचं अंतर मोजलं, तर तो मध्यापासून ७ मिलिमीटर बाजूला. एवढ्याने प्रवास थांबत नाही. अ‍ॅडजस्टेबल रॉड मी नंतर बसवला.

खरी गोष्ट घाटाच्या पायथ्याशी घडली. वळणापलीकडे एक ट्रक मध्येच उभा. ब्रेक दाबला, गाडीने नाक खुपसलं, पुढची चाकं किंचाळली आणि आम्ही ट्रकच्या मागे हातभर अंतरावर थांबलो. लिफ्टआधी हीच गाडी असल्या वेगात आरामात थांबायची.

भावाने खाली वाकून बघितलं. "दादा, मागे ही दांडी लोंबकळतेय, ही कसली?"

ती लोड सेन्सिंग व्हॉल्व्हची दांडी. मागच्या अ‍ॅक्सलवरून निघून ती चासीवरच्या छोट्या व्हॉल्व्हपर्यंत जाते. सामान भरलं की चासी खाली बसते, दांडी व्हॉल्व्हचा खटका दाबते आणि मागच्या ब्रेकला जास्त प्रेशर मिळतं. गाडी रिकामी असली की चासी वर, दांडी सैल, मागे प्रेशर कमी. तसं नसतं तर हलकी मागची चाकं आधी लॉक होऊन गाडीचं शेपूट फिरलं असतं. आम्ही ती चासीच कायमची ५० मिलिमीटर वर नेली होती. मागे तीन दिवसांचं सामान, पाण्याचे कॅन, दोन जॅक, पण व्हॉल्व्हच्या हिशेबी गाडी रिकामीच. सगळा भार पुढच्या डिस्कवर. नवे पाटे कडक असतील तर भरलेली गाडीही पूर्वीइतकी बसत नाही, म्हणजे व्हॉल्व्ह तिथेही फसतो.

चासी जितकी वर गेली तितकंच दांडीचं अ‍ॅक्सलकडचं टोक वर घ्यायचं. टूलबॉक्समध्ये जाड पाइपचे ४५ मिलिमीटरचे दोन तुकडे आणि लांब बोल्ट निघाले. ते अ‍ॅक्सलवरच्या ब्रॅकेटखाली घालून मुक्कामाच्या जागी काम भागवलं. मग मोकळ्या सपाट मुरमावर चाचणी. पंचवीस-तीसच्या वेगाने जोरात ब्रेक, भाऊ लांब उभा राहून चाकं बघणार. आधी "पुढची घासत गेली, मागची फिरतच होती" असं होतं. तुकडे घातल्यावर पुढची आधी थांबली आणि लगोलग मागची. हाच क्रम हवा. मागची आधी लॉक झाली तर तुकडे कमी करा, ती चूक जास्त महागात पडते. आणि मुरमावरच्या निकालावर पूर्ण विसंबू नका. तिथे पकड कमी, त्यामुळे वजन पुढे कमी सरकतं. मुरमावर बरोबर वाटलेलं डांबरावर मागे जास्त होऊ शकतं. मी नंतर ब्रेक टेस्टरच्या रोलरवर खात्री करून घेतली आणि पाइपांच्या जागी नीट ब्रॅकेट बनवून लावलं. लिफ्ट करणार असाल तर काम सुरू करण्याआधी दांडीच्या टोकापासून चासीपर्यंतचं अंतर मोजून लिहून ठेवा. माझ्याकडे ते माप नव्हतं, म्हणून हा सगळा अंदाजाचा खेळ.

रात्री सामान काढताना गाडी हलली की जुन्या दरवाजासारखा करकर आवाज. ही चूक शंभर टक्के माझी. रेडियस आर्म आणि शॅकलचे (पाट्याचं टोक चासीला जोडणाऱ्या कडीचे) बोल्ट मी चाकं अधांतरी असतानाच आवळले होते. रबरी बुशमधलं रबर आतल्या नळीला चिकटलेलं असतं. ते पिळलेल्या अवस्थेत आवळलं की गाडी खाली टेकल्यावर कायम ताणात राहतं आणि काही महिन्यांत फाटतं. गाडी थोडी जास्तच वर का बसलीय, तेही तेव्हा उमगलं. सकाळी चाकं जमिनीवर ठेवूनच सगळे बोल्ट सैल केले, बंपरवर उभं राहून गाडी चार-पाच वेळा दाबली आणि तशीच आवळली. आवाज गेला, उंची ८ मिलिमीटरने उतरली.

दुसऱ्या दिवशी नदीपात्र. गाडी एका मोठ्या धोंड्यावर तिरकी चढली, मागचं डावं चाक हवेत. भावाने हात वर करून थांबवलं. अ‍ॅक्सल आणि चासीमधला ब्रेकचा रबरी होज तारेसारखा ताठ झाला होता. बोटाने टिचकी मारली तर वाजला असता. हवेतलं चाक आणखी चार बोटं खाली गेलं असतं तर होज फुटून मागचे ब्रेक गेले असते, आणि समोर तीव्र उतार होता. हळूच मागे घेतलं. होज उघडून तेल सांडण्याऐवजी चासीवरचं त्याचं ब्रॅकेट सोडवलं, एका लोखंडी पट्टीने चाळीस मिलिमीटर खाली आणलं आणि स्टीलची नळी हाताने अलगद वाकवून जुळवली. स्टीलची नळी कोपऱ्यात दुमडू देऊ नका.

हे घरीच कळायला हवं होतं. चासी घोड्यांवर (उंच स्टँडवर) ठेवून अ‍ॅक्सल पूर्ण लोंबू द्यायचा आणि खाली शिरून बघायचं की त्याला खाली जाण्यापासून अडवतंय कोण. उत्तर शॉकअप किंवा लिमिट स्ट्रॅप (त्यासाठीच लावलेला पट्टा) असायला हवं. होज, हँडब्रेकची केबल, एबीएसची वायर किंवा अ‍ॅक्सलच्या ब्रीदरची (आतली हवा बाहेर सोडणारी) नळी असेल तर काम अपुरं आहे. पुढच्या चाकांचं हेच स्टिअरिंग दोन्हीकडे पूर्ण फिरवून बघा. मग उलट: अ‍ॅक्सल पूर्ण वर दाबला जाताना बंप स्टॉप (धक्का झेलणारा रबरी ठोकळा) आधी लागला पाहिजे. लांब शॉकअप बंद असतानाही लांबच असतात. बंप स्टॉप वाढवला नाही तर प्रत्येक खड्ड्यात शॉकअपचंच डोकं आपटतं.

तिसऱ्या दिवशी मागून खट्‌खट्. पाटे अ‍ॅक्सलला बांधणारे यू-बोल्ट पाऊण फेरा सैल. नवे पाटे एकमेकांवर बसतात, त्यामुळे पहिल्या शंभर किलोमीटरनंतर आणि पुन्हा पाचशेला ते आवळायचेच. टॉर्क पाना बरोबर ठेवा.

घरी लांब होज टाकले तेव्हा त्यांच्या टोकाच्या बॅन्जो (पोकळ) बोल्टच्या तांब्याच्या वॉशर नव्याच घेतल्या. ब्रेकच्या नळ्यांतली हवा काढताना मात्र अर्धा तास वाया गेला. मागच्या निपलमधून तेल येईचना. चासी जॅकवर होती आणि अ‍ॅक्सल लोंबकळत होता, म्हणजे पुन्हा तोच व्हॉल्व्ह, त्याने मागची वाट दाबून धरलेली. जॅक अ‍ॅक्सलखाली घेतल्यावर तेल धारेने आलं. तुमच्या गाडीत डॉट ४ ब्रेक ऑइल असेल तर तेच वापरा. डॉट ५ सिलिकॉनचं असतं, त्यात मिसळायचं नाही.

परतीचे शेवटचे साठ किलोमीटर अंधारात कापले. समोरून येणारा प्रत्येक जण डिपर मारत होता. लो बीमवरच तर आहोत, असं म्हणत आम्ही दोघंही त्यांच्यावर वैतागत होतो. घरासमोरच्या भिंतीवर उजेड पडला तेव्हा दिसलं, दोन्ही हेडलाइट पहिल्या मजल्याच्या खिडकीत.